झाडाच्या नावानं

१

दिवस कलला की मी अंबूच्या चपला उंबऱ्यापाशी जोडून ठेवायचो. उजवी उजवीकडं, डावी डावीकडं. नाहीतर ती उलट्या घालायची आणि तशीच चालायला लागायची. मग मी काठी घ्यायचो, आमची सून मंगल पाण्याची बाटली माझ्या खांद्याला अडकवायची, आणि आम्ही म्हातारा-म्हातारी वस्तीच्या वरच्या अंगाला, पवनचक्कीच्या वाटेला लागायचो.

चैत्र लागल्यापासून हे चालू होतं. म्हसवडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. अंबूच्या डोक्यातलं एकेक निसटत चाललंय, गेलेलं परत यायचं नाही, पण आहे ते धरून ठेवता येईल. "आजोबा, आजींना पहिल्यापासून जे चांगलं येतं ते रोज बोलतं करा. ओव्या, गाणी, काहीही."

मी म्हटलं, "बाई, गाणी काय तिला येत न्हाईत. झाडं येत्यात."

"मग झाडं विचारा. रोज विचारा."

उठताना मी हळूच विचारलं, "आन मी? मला बी इसरंल का?"

बाई चांगल्या होत्या. खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "तेवढं होऊ नये म्हणूनच करायचं."

अंबूनं माझं नाव तसं जन्मात कधी घेतलेलं नाही. आमच्यात घेत नाहीत. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य झिजतं म्हणतात. लग्न झालं तेव्हा आम्ही सगळे मेंढरांमागं. चुलता, थोरला भाऊ, म्हाताऱ्या बायका, सगळी माणसं माळावर पांगलेली. तिनं माझं नाव घ्यायचं नाही, आणि वडीलधाऱ्यांदेखत मी बायकोच्या नावानं ओरडायचं म्हणजे लाजच. मग एकमेकाला बोलवायचं कसं?

आम्ही झाडाच्या नावानं बोलवायचो. मी हिवराखाली भाकरी सोडून बसलो की हेल काढायचो, "हिवर ऽऽ!" पलीकडच्या ताली­वरून, शेताच्या बांधावरून, तिचं यायचं, "आले ऽऽ!" ती बहाव्याखाली असली की, "बहावा ऽऽ!" मी म्हणायचो, "आलो ऽऽ!" ज्यानं हाक घातली त्यानं तिथून हलायचं नाही, नाहीतर चुकामूक होते. एवढाच नियम. चुलता हसायचा. म्हणायचा, "हरिबाची बायकू माळावरची समदी झाडं म्हायेरला न्हेणार हाय बघा."

तेव्हापासून झाडं तिच्या जिभेवर. फूल बघून, साल बघून, नुसत्या सावलीवरूनसुद्धा ओळखायची.

२

वाट काही लांब नाही, पण आम्ही चालणार आमच्या गतीनं. चक्कीपाशी पोचेपर्यंत ऊन पिवळं पडायचं.

आधी नेपती लागायची. पान एक नाही, नुसत्या हिरव्या काड्यांचा गुंता, आणि त्यावर विटकरी फुलं. मग पाचुंदा, त्याची पांढरी फुलं मांजराच्या मिशा आल्यासारखी. मग कालव्याच्या कडेला बहावा, घोसच्या घोस पिवळे सोडून उभा. त्याच्या वरच्या अंगाला हिवर.

मी मुद्दाम चुकीचं बोलायचो. पाचुंद्यापाशी थांबून म्हणायचो, "ह्यो करंजच न्हवं का गं?"

"करंज म्हनं!" ती कमरेवर हात ठेवायची. "जल्मभर तुमी मेंढरं राखली का मेंढरांनी तुमाला राखलं?"

असं बोलली की मला त्या रात्री झोप चांगली लागायची. वाटायचं, आहे अजून. माझी अंबू आहे.

नाव मात्र ती नुसतं सांगायची नाही. छाती भरून, हेल काढून घालायची. "पाचुंदा ऽऽ!" पुढच्या टेकाडावर आपटून यायचं. मला बरं वाटायचं. डॉक्टरीणबाईंनी बोलतं करा म्हटलं होतं, ही तर गाजत होती.

नाव घातलं की ती थांबायची. मान थोडी वाकडी, पदर कानामागं सारलेला, नजर झाडाच्या पलीकडं कुठंतरी. जरा वेळानं मान हलवायची, गालात हसायची आणि चालायला लागायची. मला वाटायचं, दम घेते. वय झालं.

एका दिवशी चक्कीपाशी पोचलो. एवढा उंच लोखंडी खांब, वर तीन पाती, आणि सूं... सूं... असा आवाज, झोपलेल्या जनावराच्या श्वासासारखा. मला थट्टा सुचली. काठी वर करून म्हटलं, "आन ह्ये कंचं झाड गं?"

वाटलं, आता हसेल. शिव्या घालेल.

तिनं खांब खालून वरपर्यंत बघितला. डोळे निवल्यासारखे झाले. आणि हेल काढला, "मेडशिंग ऽऽ!"

माझा हात तसाच राहिला.

तिथं मेडशिंग होती. बरोबर तिथंच. शेंग मेंढ्याच्या शिंगासारखी वळलेली म्हणून मेडशिंग. धनगराचंच झाड म्हणा. पांढरी फुलं रात्री उमलायची आणि पहाटे खाली सडा. लग्नानंतर आम्ही दोघांनी पहिल्यांदा एका फडक्यातली भाकरी खाल्ली ती तिच्याखाली. चक्की आली तेव्हा ती गेली. तिची मुळं जळताना मी बघितली होती, धूर पार वस्तीपर्यंत आला होता.

अंबू कान देऊन उभी होती. मग मान हलवून हसली.

"चला," म्हणाली. पण ते मला म्हणाली असं वाटलं नाही.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच वर गेलो. का गेलो, मलाच माहीत नाही. मंगलला सांगितलं, शेळीला पाला आणतो.

चक्कीच्या बुडाला सिमेंटचा मोठा ओटा आहे. त्यावर फुलं पडली होती. पांढरी, लांब नळीची, कडेला चुणीदार. ताजी. एक उचलून हुंगलं. मेडशिंगच.

मी ओट्यावर टेकलो आणि डोकं चालवलं. वारा आहे, म्हटलं. कुठूनतरी उडून आली असतील. पण वाऱ्यानं आलेलं एका कडेला गोळा होतं, कोपऱ्यात अडकतं. ही फुलं गोल पडली होती. झाडाखाली पडतात तशी, मधी दाट, कडेला विरळ, आणि त्या गोलाच्या बाहेर एक नाही. वरती बघितलं. निळं आभाळ आणि फिरणारी पाती.

मग म्हटलं, ओढ्यात एखादी उरली असेल. ओढ्यानं खाली उतरलो. करंज भेटला, चार लिंब भेटले, एक म्हातारी वावळ भेटली. तिला मी ओळखत होतो, तीही मला ओळखत असावी. मेडशिंग नाही. पलीकडच्या शिवारातल्या एका शेळीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "आबा, त्ये झाड कसं असतंय त्येच ठावं न्हाई मला."

घरी आलो तर अंबू सोप्यात बाजेवर बसलेली. केस विंचरलेले. अंबाड्यात पांढरं फूल.

मला हायसं वाटलं पहिल्यांदा. म्हटलं, मंगलनं कुठूनतरी आणलं असणार. मी विचारलं, "फूल कुणी दिलं गं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. परक्या माणसाकडं बघावं तसं. पदर सावरला, आणि नवी नवरी लाजते तशी लाजली.

"ह्यांनी."

"ह्यांनी म्हंजी कुणी?"

"अगं बया!" ती तोंडावर पदर धरून हसली. "आवं पावणं, नाव कसं घिऊ मी?"

मी चुलीपाशी जाऊन मंगलला विचारलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "फूल? कसलं फूल? मी तर सकाळपास्नं हितनं उठली न्हाई."

४

त्यानंतर ती मला कधी ओळखायची, कधी पाहुणा म्हणायची. सकाळी ओळखलं तर दुपारी नाही.  पाहुणा तर पाहुणा. पाहुण्याला निदान पाणी तरी विचारतात.

एका संध्याकाळी फिरून आलो तर मंगल दारात भांडी घासत बसलेली. मोठी मोकळ्या मनाची पोरगी. आमचा अमृत फलटणला कारखान्यावर असतो, आठवड्याला येतो, सगळं घर तिच्यावर. मला म्हणाली, "मामंजी, माळावर येवडं वरडू नगा. खोकला हुईल. पार हितवर ऐकू येतंय."

"आत्याबाई वरडत्यात गं तुज्या. मी कुटं?"

"आत्याबाईंचं तर येतंच. पर मागनं तुमचं येतंय की. 'आलो' म्हनून. म्हातारपणी लपाछपी खेळताय जणू दोगं."

"मी न्हवतो वरडलो."

"मग कोण, तुमचा भाऊ? मी तुमचा आवाज वळखत न्हाई व्हय?" तिनं तांब्या उपडा घातला. "पर खणखणीत लागला आज. औषध बदललं काय?"

मी हसण्यावारी नेलं. आत येऊन खोकून बघितलं. आवाज बसकाच होता, नेहमीसारखा. म्हटलं, टेकाडाचा पडसाद असेल. बाईमाणसाचा आवाज दगडावर आपटून जाड होत असेल. कुणी मेंढका असेल, तिची चेष्टा करत असेल. एवढी कारणं सापडली की त्यातलं एक तरी खरं असणार, असं माणसाला वाटतं.

तरी मी फिरणं बंद केलं.

त्यानं काय झालं, सांगतो. अंबू भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. जेवेना. मंगलचं नाव गेलं, अमृतचं गेलं. शेळीला बघून "ह्ये काय?" म्हणाली, तेव्हा मंगल पदरानं डोळे पुसत बाहेर गेली. अंबूच्या तोंडात एकच राहिलं. "चुकामूक हुईल. चुकामूक हुईल." रात्रंदिवस तेच, पाण्याच्या थेंबासारखं.

मग मी तिच्या चपला पुन्हा उंबऱ्यापाशी जोडून ठेवल्या. उजवी उजवीकडं, डावी डावीकडं. चपला दिसल्याबरोबर ती उठून बसली. मला म्हणाली, "आवं, किती येळ? चला की." आणि माझाच हात धरला.

न्यावं तर मला भीती. नाही न्यावं तर ती जाते. तुम्ही काय केलं असतं?

५

वैशाख लागला. ऊन असं की दगडावर पाय ठरेना. माझे गुडघे बोलायला लागले. चक्कीपर्यंत जाववेना, तेव्हा आम्ही हिवरापर्यंत जायचो. मग तेही जमेना, तेव्हा कालव्यावरच्या बहाव्यापर्यंत. वाट रोज थोडी आखूड होत होती.

हिवरापर्यंत गेलो त्या शेवटच्या दिवशी मी काही विचारलं नाही. नुसता उभा राहिलो. हिवराची साल पांढुरकी, उन्हात हाडासारखी दिसते. अंबूनं स्वतःच हेल काढला, "हिवर ऽऽ!" आणि मान वाकडी करून थांबली.

मीही थांबलो. तिच्यासारखाच, कान देऊन. चक्की लांबून ऐकू येत होती. सूं... सूं... दोन श्वासांच्या मधी एक रिकामी जागा असते. त्या जागेत ऐकू आलं.

"आलो ऽऽ!"

तो पडसाद नव्हता. पडसाद आपलंच परत देतो. आवाज चक्कीच्या अंगाकडून आला होता, मेडशिंगीच्या जागेवरून. तरणा, रगदार, शेवटाला जरा वर उचललेला. ते वर उचलणं मी कसं विसरेन? माझा बाप त्यावरून मला हिणवायचा. म्हणायचा, हाक मारतो का कोंबडा आरवतो?

दात पडायच्या आधीचा माझा आवाज होता तो.

अंबूनं मान हलवली. गालात हसली.

मी खाली बसलो. हिवराचे काटे बोचले, तेही कळलं नाही. आणि तिथं बसल्या बसल्या मला उमगलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झाडं विचारा. मी विचारत बसलो. मला वाटलं, ती झाड ओळखून दाखवते. दुसऱ्या कुणाची बायको असती तर ते खरंही असतं. पण आमच्या घरात झाडाचं नाव ओळखायला कुणी घेतलं होतं? अंबूनं झाडाचं नाव घेतलं म्हणजे तिनं बोलावलं. उन्हाळाभर, रोज, मीच तिला हाका घालायला लावल्या होत्या. चक्कीपाशी घातली. मग हिवराखाली. ज्याला बोलावलं तो येतोच. आमची तशी रीतच होती.

आणि आमची वाट आखूड होत होती. रोजची शेवटची हाक आधीपेक्षा घराच्या जवळ.

"उठा की," अंबू म्हणाली. "असं काय बसलाय, पावणं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही बहाव्यापर्यंतच गेलो. मी तिचं तोंड दाबायला हात उचलला होता, खोटं कशाला सांगू. पण ती वर बघत होती, पिवळे घोस तिच्या चेहऱ्यावर हलत होते, आणि तिचं तोंड असं झालं होतं की चाळीस वर्षांत बघितलं नव्हतं. हात खाली आला.

"बहावा ऽऽ!"

"आलो ऽऽ!" हिवरापासून आलं. हिवर तिथून काही लांब नाही.

६

मी फिरणं परत बंद केलं. पण आता ती पडून राहिली नाही. सोप्यात बाजेवर बसून दाराबाहेर बघायची. दारासमोर आमचा लिंब आहे. त्याचा मोहर झडत होता, अंगणात पीठ भुरभुरल्यासारखा. सगळं घर त्या कडवट-गोड वासानं भरलेलं. मी बाजेच्या कडेला बसून राहायचो. दार लावलं तर ती रडायची. लिंब तोडावा असंही मनात आलं, कुऱ्हाड हातात घेतली. पण तो माझ्या आईनं लावलेला. शिवाय मेडशिंग तोडलेलीच होती की. काय उपयोग झाला?

त्या दिवशी ऊन कललं होतं. मंगल आत चहा टाकत होती, स्टोचा आवाज येत होता. अंबूनं आपले आपण केस विंचरले. तोंड धुऊन आली. बाजेवर बसली, दाराकडं बघितलं, आणि छातीत श्वास भरून घ्यायला लागली.

तो श्वास मला पाठ होता. हाक घालायच्या आधीचा.

मी उठलो. गुडघ्यांना विचारलं नाही. काठी राहिली, चपला राहिल्या, तसाच अंगणात आलो आणि लिंबाच्या बुडाला पाठ लावली. तिथून वाट सरळ दिसते, कालव्यापर्यंत.

बहाव्याखाली कुणीतरी उभं होतं.

ऊन तिकडून डोळ्यावर येत होतं, तेवढंच दिसलं. खांद्यावर घोंगडं. काठीवर रेललेला, एक पाय उचलून दुसऱ्या गुडघ्याला लावलेला. मेंढरांमागं मी असाच उभा राहायचो, तासन्‌तास. पिवळी फुलं त्याच्यावर पडत होती. तो हलत नव्हता. त्याला घाई नव्हती. पुढच्या हाकेची वाट बघत होता.

मागं सोप्यात अंबूचं तोंड उघडलं असणार.

मी तिच्या आधी घातली. किती वर्षांनी, देवाला ठाऊक. छातीत कळ आली, डोळ्यापुढं काजवे चमकले, पण आवाज निघाला, आणि शेवटाला वर उचलला गेला.

"लिंब ऽऽ!"

स्टो बंद झाल्यासारखा वाटला. चक्कीही. मग आतून आलं, पातळ, गोड, पलीकडच्या ताली­वरून यायचं तसं.

"आले ऽऽ!"

ती बाहेर आली. चपला बरोबर घातलेल्या. अंगणातून सरळ माझ्यापाशी आली आणि माझा हात दोन्ही हातात धरला. तिचे हात गरम होते. डोळ्यात मी होतो. पाहुणा नव्हतो.

"आवं, कवाची वाट बगतीया," ती म्हणाली. "चुकामूक झाली आसती."

मी कालव्याकडं बघितलं. बहाव्याखाली कुणी नव्हतं. नुसता पिवळा सडा.

जिंकलो, असं वाटलं मला. डोळे भरून आले. काही म्हणायला गेलो तर तिनं माझ्या तोंडावर बोट ठेवलं आणि घराकडं खूण केली.

"हळू बोला," ती कुजबुजली. "घरात एक म्हातारा आसतोय. वाईट न्हाई बिचारा. रोज मला झाडं इचारतोय. न्हाई सांगितलं की रडतोय."

मी हसलो. तिच्या डोक्यावरचा मोहर झाडला. म्हटलं, "आसू दे."

तेवढ्यात आत कपबशी वाजली. मंगलचा आवाज आला, नेहमीसारखा, मोठ्यानं.

"मामंजी, च्या ठिवू का हितंच?"

मी 'इकडं आण' म्हणायला तोंड उघडलं. त्याआधी सोप्यात कुणीतरी खोकलं. बसकं, ओलं, दोनदा, मी खोकतो तसं. बाजेची दोरी कुरकुरली.

"ठिव," आतून आलं.

दारातून अंधार दिसत होता आणि बाजेचा एक खूर. त्याच्या बाजूला माझी काठी टेकलेली होती. काठीवर हात होता का, ते नीट दिसलं नाही. पुढं वाकलो असतो तर दिसलं असतं. चार पावलं आत गेलो असतो तर सगळंच कळलं असतं.

अंबूनं माझा हात घट्ट धरला होता. लिंबाचा मोहर आमच्यावर पडत होता.

हाक मी घातली होती. ज्यानं हाक घातली त्यानं तिथून हलायचं नाही.